सनीवेलमधलं जुनाट घर मागणीपेक्षा लाखो डॉलर वर का जातं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅलिफोर्नियातल्या बे एरियात (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासचा भाग), विशेषतः सनीवेल, क्युपर्टिनो, सांता क्लारा आणि पश्चिम सॅन होजे या पट्ट्यात पहिलं घर शोधणाऱ्या मराठी कुटुंबांकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. उदाहरणंही याच पट्ट्यातली आहेत. मी एजंट नाही आणि कर्जही विकत नाही. इथं राहून, ओळखीच्यांबरोबर बसून ऑफरचे कागद वाचताना जे समजत गेलं ते लिहिलं आहे. कर आणि कायदा यांबाबत शेवटचा शब्द तुमच्या सीपीएचा (इथल्या सनदी लेखापालाचा) आणि वकिलाचा.

घर १७ लाख डॉलरला विकायला लावलं होतं, २२ लाखांना गेलं. मग १७ लाख हा आकडा होता तरी कशाचा?

पुण्यात किंवा ठाण्यात फ्लॅट बघायला गेलं की मालक सांगतो ती किंमत वरची हद्द असते. तिथून घासाघीस करत खाली यायचं, पार्किंगचं आणि फर्निचरचं बोलून घ्यायचं, हे आपल्या अंगात मुरलेलं आहे. इथं हिशोब उलटा. लिस्ट प्राइस, म्हणजे जाहिरातीत लावलेली किंमत, ही खालची पायरी. कायद्याच्या दृष्टीनेही ते विकण्याचं वचन नसतं, ऑफर देण्याचं आमंत्रण असतं. तुम्ही पूर्ण १७ लाख रोख देऊ केलेत तरी ते स्वीकारायचं बंधन मालकावर नाही.

म्हणून ‘पाच लाख वर गेलं’ हे ऐकलं की आधी विचारायचं, कशाच्या वर? त्याच शाळेच्या हद्दीतली (इथं घराच्या पत्त्यावरून मुलाची सरकारी शाळा ठरते), तेवढ्याच प्लॉटवरची घरं गेल्या तीन महिन्यांत २१-२२ लाखांना विकली गेली असतील तर या घराला फक्त बाजारभाव मिळाला. सप्टेंबर २०१७ मध्ये सनीवेलमधलं एक घर १६ लाख ८८ हजारांना लावलं आणि २४ लाख ७० हजारांना गेलं. मार्च २०१८ मध्ये याच गावातलं ८४८ चौरस फुटांचं घर साडेचौदा लाखांना लावलं, २० लाखांना विकलं गेलं. दोन्ही बातम्या देशभर गाजल्या. दोन्हींत आश्चर्य विकल्या गेलेल्या किमतीपेक्षा लावलेल्या किमतीचं वाटायला हवं होतं.

म्हणजे एजंट मुद्दाम किंमत कमी लावतात?

हो, बऱ्याचदा मुद्दाम. झिलो किंवा रेडफिन या घरांच्या संकेतस्थळांवर शोधताना लोक ‘२० लाखांपर्यंत’ अशी चाळणी लावतात. २२ लाखांची लायकी असलेलं घर १९ लाख ९८ हजारांना लावलं की ते या चाळणीतून खाली उतरतं आणि दुप्पट लोकांच्या नजरेस पडतं. (किमतींत इतके आठ का असतात, असं पुष्कळ जण विचारतात. चिनी ग्राहकांत आठचा आकडा शुभ मानतात आणि इथले एजंट ते ध्यानात ठेवून किंमत लावतात.) गुरुवारी घर बाजारात येतं, शनिवार-रविवार ओपन हाउस (घर सगळ्यांना बघायला खुलं), पुढच्या मंगळवारी-बुधवारी ऑफर. त्या दोन दिवसांत दिवाणखान्यात एवढी गर्दी दिसते की आलेला प्रत्येक जण मनातल्या मनात स्वतःचा आकडा वाढवतो. कमी किंमत लावण्याचा खरा उपयोग हाच.

कॅलिफोर्नियात याला आडकाठी नाही. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात मात्र आहे. तिथं २०१७ पासून एजंटला अंदाजे किंमत आणि तीन तुलनायोग्य विक्रींचा कागद ग्राहकासमोर ठेवावा लागतो आणि मुद्दाम कमी किंमत सांगितली तर दंड होतो. तसा नियम इथंही यावा असं मला मनापासून वाटतं. आठवड्यामागून आठवडा खोट्या आकड्यांमागे धावून थकलेली तरुण जोडपी मी पाहते. दर वेळी त्यांना वाटतं की आपण थोडक्यात हुकलो. खरं तर ते घर त्यांच्या आवाक्यात कधी नव्हतंच, आणि हे त्यांना पहिल्या दिवशी कळायला हवं होतं.

पण जुनाट घरच एवढं वर का जातं? नवं केलेलं घर तर जास्त छान असतं.

छान असतं, आणि त्याची किंमत लावतानाच छानपणाचे पैसे मोजून घेतलेले असतात. जुनाट घराचं तसं नाही. १९५८ सालचं तीन बेडरूमचं, एकमजली रँच पद्धतीचं घर डोळ्यांसमोर आणा. बाथरूममध्ये मोरपिशी फरशी, स्वयंपाकघरात लिनोलियम, छताला पॉपकॉर्नसारखा खरबरीत गिलावा, भिंतीला लांब वायरचा टेलिफोन लटकावायची पट्टी, मागे जर्दाळूचं झाड. एजंट फोटो काढतानाच ओळखतो की याला ‘सुंदर’ म्हणता येणार नाही, म्हणून किंमत खाली लावतो.

बघायला मात्र चार वेगवेगळ्या तऱ्हेचे लोक येतात. एक, तुमच्याआमच्यासारखं कुटुंब, ज्याला कशीबशी शाळेची हद्द गाठायची आहे. दोन, घर पाडून नवं दुमजली बांधणारा बिल्डर. तीन, चार-सहा महिन्यांत रंगरंगोटी, नवं किचन करून पुन्हा विकणारा फ्लिपर. चार, मागच्या अंगणात छोटं स्वतंत्र घर बांधून भाड्याने देऊ पाहणारा. नव्या घराला यांतला फक्त पहिला गिऱ्हाईक असतो. जुन्या घरापुढे चौघंही उभे असतात.

आणखी एक गोष्ट आहे आणि माझ्या मते तीच सगळ्यांत महत्त्वाची. नव्या घराची किंमत काय, यावर दहा जणांचे अंदाज फारसे वेगळे नसतात. जुन्या घराच्या दुरुस्तीचा खर्च कोणी दीड लाख धरतो, कोणी पाच लाख. अंदाजांत जेवढी तफावत, तेवढी सर्वांत वरची बोली सरासरीच्या पुढे. आणि घर मिळतं सर्वांत वरच्या बोलीला, सरासरीला नाही. म्हणजे जिंकणारा बहुतेक वेळा दुरुस्तीचा खर्च सगळ्यांत कमी धरणारा असतो. ऑफर लिहायला बसाल तेव्हा एवढं एक वाक्य समोर ठेवा.

ही घरं साठ-साठ वर्षं जशीच्या तशी राहतात कशी?

दुसऱ्या महायुद्धानंतर इथल्या जर्दाळू आणि प्रूनच्या बागा तोडून एकामागून एक वसाहती उभ्या राहिल्या. १९५६ मध्ये लॉकहीडचा क्षेपणास्त्रांचा विभाग सनीवेलला आला. त्याचे इंजिनियर आणि फळं डबाबंद करणाऱ्या कॅनरीतले कामगार एकाच गल्लीत घरं घेऊन राहिले. लिबीज कॅनरीची फळांच्या डब्यासारखी रंगवलेली पाण्याची टाकी गावात अजून उभी आहे. त्या पिढीतले अनेक जण त्याच घरात म्हातारे झाले, आणि त्यांना तिथंच राहू देणारी, खरं तर राहायला लावणारी, कराची एक घडी इथं बसलेली आहे.

जून १९७८ मध्ये मतदारांनी थेट मतदानाने प्रॉपोझिशन १३ हा कायदा मंजूर केला. मालमत्ता कराचा मूळ दर करासाठी धरलेल्या मूल्याच्या १ टक्का, आणि ते मूल्य वर्षाला जास्तीत जास्त २ टक्के वाढणार, मग बाजार कुठेही जावो. बाजारभावाने पुन्हा मूल्यांकन होतं ते मालक बदलल्यावर. स्थानिक रोख्यांचे अधिभार धरून प्रत्यक्ष दर साधारण सव्वा टक्क्याच्या आसपास जातो. समजा १९७५ मध्ये कोणी ६० हजार डॉलरला घर घेतलं. दर वर्षी पूर्ण २ टक्के वाढ धरली तरी २०२४ मध्ये ते करासाठी सुमारे १ लाख ५८ हजारांचं. १.२ टक्क्याने कर झाला १,९०० डॉलर. तेच घर तुम्ही २४ लाखांना घेतलंत तर तुमचा कर २८,८०० डॉलर. कुंपण तेच, रस्ता तोच, कचरागाडीही तीच.

दुसरा भाग भांडवली नफ्याचा. राहतं घर विकल्यावर जोडप्याला ५ लाख डॉलरपर्यंतचा नफा करमुक्त असतो. हा आकडा १९९७ च्या कायद्याने ठरला आणि महागाईप्रमाणे वाढवलेला नाही. ६० हजारांचं घर २४ लाखांना विकलं तर उरलेल्या सुमारे १८ लाखांवर फेडरल आणि राज्याचा कर मिळून पाच लाखांच्या पुढे जाऊ शकतो. उलट मालक हयात असेपर्यंत घर ठेवलं तर वारसांसाठी खरेदी किंमत मृत्यूच्या दिवसाच्या बाजारभावाइतकी धरतात आणि तो नफा करातून सुटतो. कॅलिफोर्नियात नवरा-बायकोच्या सामाईक मालमत्तेला जोडीदारापैकी एक गेल्यावरच पूर्ण घरासाठी ही सवलत मिळते. मग ऐंशी वर्षांच्या आजी घर कशाला विकतील? आणि विकायचंच नाही तर नवं किचन तरी कोणासाठी करतील?

मग ती बाजारात येतात केव्हा?

आजी-आजोबा गेल्यावर, किंवा वृद्धाश्रमात हलल्यावर. मुलं टेक्सासला, ओरेगनला स्थायिक झालेली असतात. पूर्वी आई-वडिलांचा कमी कर मुलांनाही वारशाने मिळायचा, त्यामुळे मुलं घर भाड्याने देऊन ठेवायची. नोव्हेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या प्रॉपोझिशन १९ ने ही वाट अरुंद केली. १६ फेब्रुवारी २०२१ पासून वारसदार स्वतः त्या घरात राहायला आला तरच ती सवलत, आणि तीही मर्यादेत. त्यामुळे दूर राहणाऱ्या वारसांनी विकून मोकळं होण्याचं प्रमाण वाढणं स्वाभाविक आहे.

जाहिरातीत ‘ट्रस्ट सेल’, म्हणजे कुटुंबाच्या ट्रस्टच्या नावावरच्या घराची विक्री, असं लिहिलेलं दिसलं तर बहुधा हीच गोष्ट असते. दोन-तीन भावंडं, सगळ्यांना लवकर वाटणी हवी, दुरुस्तीत कोणालाच पडायचं नाही. ‘जसं आहे तसं’ विकतात, किंमत खाली लावतात, ऑफरची तारीख ठरवतात. इथं एक धोका ध्यानात ठेवा. नेहमीच्या विक्रेत्याला घराविषयी जे सविस्तर लेखी जाहीर करावं लागतं, त्यातल्या काही कागदांतून ट्रस्टींना (ट्रस्टचा कारभार बघणाऱ्यांना) बहुतेक वेळा सूट असते. त्या घरात ते राहिलेलेच नसतात, त्यामुळे २००५ साली पावसात छत गळलं होतं का हे सांगणारं कोणी उरलेलं नसतं.

खरं तर आपण घर विकत घेतो की जमीन?

काउंटीच्या (जिल्ह्याच्या) कराच्या बिलात जमीन आणि बांधकाम अशा दोन ओळी वेगळ्या असतात. नुकत्याच विकल्या गेलेल्या एखाद्या जुन्या घराचं बिल बघा. जमिनीच्या ओळीपुढे बांधकामाची ओळ किरकोळ वाटावी इतका फरक सापडेल. सहा हजार चौरस फुटांचा सपाट प्लॉट, रुंद गल्ली, दहा-पंधरा मिनिटांवर अ‍ॅपल, गुगल, एनव्हिडिया. लोक पैसे मोजतात ते यासाठी. पार्ल्यातल्या जुन्या सोसायटीतला गळका फ्लॅट पुनर्विकासाच्या आशेवर काय भावाने जातो ते ज्यांनी बघितलंय, त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

राज्याच्या कायद्यांनी या जमिनीची किंमत आणखी वाढवली. मागच्या अंगणात स्वतंत्र छोटं घर, ज्याला सगळे एडीयू म्हणतात, बांधणं गेल्या काही वर्षांत बरंच सोपं झालं. १ जानेवारी २०२२ पासून एसबी ९ नावाच्या कायद्याने एका कुटुंबासाठी राखलेल्या प्लॉटचे अटींसह दोन भाग करायला किंवा त्यावर दोन घरं बांधायला वाट दिली. प्रत्यक्षात परवाने, सांडपाण्याची आणि विजेची जोडणी यांत खूप पैसा आणि वेळ जातो, तेव्हा एजंट ‘एडीयू पोटेन्शियल’ म्हणाला म्हणून जास्तीचे पैसे लगेच मोजू नका. नगरपालिकेच्या प्लॅनिंग खात्याच्या खिडकीवर फुकट विचारता येतं.

शाळेचा खरंच एवढा फरक पडतो?

पडतो, आणि या पट्ट्यात तो गल्लीगणिक पडतो. सनीवेलचा पत्ता असलेली घरं वेगवेगळ्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये (सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थांमध्ये) मोडतात. काही सनीवेल डिस्ट्रिक्टमध्ये, काही क्युपर्टिनो युनियनमध्ये, काही सांता क्लारा युनिफाइडमध्ये. रस्त्याच्या अलीकडचं आणि पलीकडचं घर सारखंच जुनं, सारखंच बुटकं, आणि तरी किमतीत काही लाखांचा फरक, असं सर्रास दिसतं.

माझं स्पष्ट मत: आपण मराठी, आणि एकूणच भारतीय पालक, या एका गोष्टीवर गरजेपेक्षा जास्त पैसे ओततो. मूल दोन वर्षांचं असताना हायस्कूलच्या नावासाठी चार लाख जास्त मोजायचे, आणि पुढची दहा वर्षं त्या हप्त्याच्या ताणाखाली घरात चिडचिड करायची, यात मुलाचं भलं होत नाही. हद्दी बदलतात, शाळाही बंद होतात. मुलांची संख्या घटल्यामुळे क्युपर्टिनो युनियननेच २०२२ मध्ये प्राथमिक शाळा बंद केल्या. झिलोवर दिसणाऱ्या शाळेच्या नावावर विसंबू नका. डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावर पत्ता टाकून बघा आणि फोनही करा.

लोकांकडे एवढे पैसे येतात कुठून?

दोन पगार आणि कंपनीचे शेअर. शेअर वधारले की त्या तिमाहीत डाउन पेमेंटची ताकद वाढते, आणि ती एकाच वेळी शेकडो कुटुंबांची वाढते. बाजारात मात्र घरं मोजकी. जानेवारी २०२१ मध्ये ३० वर्षांच्या स्थिर कर्जाचा सरासरी दर २.६५ टक्क्यांपर्यंत उतरला होता, ऑक्टोबर २०२३ मध्ये तो ८ टक्क्यांच्या जवळ पोहोचला. पावणेतीन टक्क्यांचं कर्ज हातात असलेला माणूस सात टक्क्यांचं घ्यायला जागा का बदलेल? तो हलत नाही, त्याचं घर बाजारात येत नाही, आणि जे एखादं जुनं घर येतं त्यावर सगळे तुटून पडतात.

ऑफरच्या दिवशी नक्की काय घडतं?

तुमचा एजंट आधीच डिस्क्लोजरचं, म्हणजे विक्रेत्याने घराविषयी जाहीर केलेल्या कागदांचं, पॅकेट पाठवतो. शंभर-दोनशे पानं सहज असतात. त्यात विक्रेत्याने करून घेतलेलं घराचं इन्स्पेक्शन आणि वाळवीचा अहवाल असतो. वाळवीच्या अहवालात ‘सेक्शन १’ म्हणजे आत्ता चालू असलेलं नुकसान, ‘सेक्शन २’ म्हणजे पुढे होऊ शकेल असं. हे पॅकेट रात्री जागून का होईना, नवरा-बायको दोघांनीही वाचा.

ऑफर बंद लिफाफ्यासारखी असते, इतरांचे आकडे तुम्हाला दिसत नाहीत. दुपारी लिस्टिंग एजंटचा (विक्रेत्याच्या एजंटचा) तुमच्या एजंटला फोन येतो: नऊ ऑफर आल्यात, तुम्ही वरच्या तिघांत आहात, संध्याकाळी सहापर्यंत तुमचा सर्वोत्तम आकडा द्या. याला काउंटर म्हणतात. या दोन-तीन तासांत माणसं जे आकडे उच्चारतात ते सकाळी त्यांनी स्वप्नातही धरलेले नसतात. म्हणून शेवटचा आकडा आदल्या रात्री कागदावर लिहून दोघांनी सह्या करा, आणि काहीही झालं तरी तो ओलांडू नका. हा उपाय मी प्रत्येकाला सांगते. ज्यांनी पाळला त्यांच्यापैकी काहींचं घर हुकलं, पण झोप उडाली नाही.

कंटिंजन्सी सोडून द्या असं सगळे म्हणतात. सोडाव्यात?

कंटिंजन्सी म्हणजे ऑफर मान्य झाल्यावरही अनामत न गमावता बाहेर पडायची दारं. मुख्य तीन: इन्स्पेक्शन (घराची तपासणी), अप्रेझल (बँकेने करून घेतलेलं घराचं मूल्यमापन) आणि कर्ज. या पट्ट्यात जिंकणाऱ्या ऑफरांमध्ये तिन्ही सोडलेल्या असणं नेहमीचं झालं आहे. मग मागे फिरलात तर अनामत जाऊ शकते. ती साधारण ३ टक्के असते, २४ लाखांवर ७२ हजार डॉलर.

सरसकट ‘सोडा’ किंवा ‘सोडू नका’ म्हणणं बरोबर नाही. कर्जाची सोडायची तर कर्जदाराकडून आधी पूर्ण अंडररायटिंग (सगळे कागद तपासून दिलेली मंजुरी) करून घ्या, नुसत्या प्रीअप्रूव्हलच्या (प्राथमिक होकाराच्या) पत्रावर जाऊ नका. एच-वन-बी व्हिसावर असाल आणि नोकरी डळमळीत वाटत असेल तर कर्जाची कंटिंजन्सी सोडूच नका, घर गेलं तरी चालेल. इन्स्पेक्शनची सोडायची तर ऑफरच्या आधी स्वतःचा माणूस नेऊन घर तपासून घ्या. काहीशे डॉलर लागतात आणि बहुतेक विक्रेते परवानगी देतात.

अप्रेझल किमतीपेक्षा कमी आलं तर?

बँक किंमत आणि अप्रेझल यांतला कमी आकडा धरून कर्ज देते. २४ लाखांची ऑफर, अप्रेझल २२.५ लाख, तर मधले दीड लाख तुमच्या खिशातून, डाउन पेमेंट सोडून. अप्रेझलची कंटिंजन्सी सोडण्याआधी ही रक्कम खात्यात पडलेली हवी.

जुन्या घरात काय बघायचं?

किचनच्या फळ्या आणि रंग सोडून बाकी सगळं. सांडपाण्याच्या नळाची कॅमेऱ्याने तपासणी करा. त्या काळच्या मातीच्या नळांत झाडांची मुळं शिरलेली असतात आणि रस्त्यापर्यंतचा नळ बदलणं मोठं खर्चाचं काम आहे. पाण्याचे नळ जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे असतील तर आतून गंजून बारीक झालेले असतात. दोन्ही बाथरूमचे शॉवर एकदम सोडून बघा, धार मंदावली तर समजा. विजेचं पॅनल किती अँपिअरचं आहे ते विचारा. त्या काळातली काही पॅनलं धोकादायक म्हणून प्रसिद्ध आहेत आणि विमा कंपन्या ती असली की नाही म्हणतात. १९६५ ते १९७३ च्या सुमारास काही घरांत अ‍ॅल्युमिनियमची वायरिंग घातली गेली, तीही विचारा.

१९७८ च्या आधीच्या घरात शिशाचा रंग आणि छताच्या खरबरीत गिलाव्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. हात न लावता राहिलात तर घाबरण्याचं कारण नाही, पण खरवडून काढताना परवानाधारक माणूसच हवा. घरात लहान मूल असेल तर यात काटकसर नको. घर पायाला बोल्टने नीट जखडलेलं आहे का तेही बघा. १९८९ चा लोमा प्रिएटाचा भूकंप इथले जुने लोक विसरलेले नाहीत, आणि नेहमीच्या घरविम्यात भूकंप येत नाही.

विम्याचं तर ऑफर देण्याआधीच विचारा. मे २०२३ मध्ये स्टेट फार्मने कॅलिफोर्नियात नवे घरविमे घेणं थांबवल्यापासून जुन्या छताच्या, जुन्या वायरिंगच्या घराला विमा मिळवणं जड झालं आहे. विम्याशिवाय कर्ज मिळत नाही.

‘आइक्लर’ घरं वेगळी का मानतात?

जोसेफ आइक्लर या बिल्डरने कॅलिफोर्नियात सुमारे ११ हजार घरं बांधली, काही सनीवेलमध्ये आहेत. सपाट किंवा अगदी कमी उताराचं छत, मागची भिंत पूर्ण काचेची, मधे उघडं अंगण, जमिनीतल्या नळांतून गरम पाणी फिरवून घर उबदार ठेवण्याची सोय. ती तशीच जपणारा वेगळा ग्राहक आहे आणि काही आइक्लर वसाहतींत दुमजली बांधायलाच मनाई आहे, हे पाडून बांधण्याचा विचार असेल तर आधी समजून घ्या. मला आइक्लरबद्दल आदर वाटतो तो दुसऱ्या कारणाने. त्या काळात उपनगरांत वंश बघून घर नाकारलं जायचं, तेव्हा त्याने येईल त्याला घर विकलं, आणि याच मुद्द्यावर १९५८ मध्ये बिल्डरांच्या राष्ट्रीय संघटनेचा राजीनामा दिला. या भागातल्या जुन्या खरेदीखतांत अजूनही वांशिक बंदीची कलमं सापडतात. १९४८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर त्यांची अंमलबजावणी होत नाही आणि १९६८ च्या कायद्याने भेदभावच बेकायदा ठरला. टायटलच्या (मालकीहक्काच्या) कागदांत तसं कलम दिसलं तर घाबरू नका.

विक्रेत्याला कुटुंबाचा फोटो घालून पत्र लिहावं का?

नको. वंश, धर्म, मुलंबाळं बघून घर देणं बेकायदा आहे, आणि अशा पत्रातून नेमकं तेच कळतं. अनेक लिस्टिंग एजंट ती पत्रं मालकापर्यंत पोहोचवतच नाहीत. विक्रेत्याला भाडं न घेता काही दिवस राहू देणं किंवा त्याच्या सोयीच्या तारखेला व्यवहार पूर्ण करणं, याचा उपयोग कितीतरी जास्त होतो.

डाउन पेमेंटसाठी भारतातून आई-वडिलांचे पैसे आणता येतात का?

येतात, पण तीन-चार महिने आधी सुरुवात करा. भारतात राहणारी व्यक्ती रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस या परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेखाली आर्थिक वर्षात २ लाख ५० हजार डॉलरपर्यंत पाठवू शकते, आई आणि वडील दोघांची मर्यादा वेगळी. ठरावीक रकमेपुढे बँक टीसीएस (आगाऊ कर) कापते, तो त्यांच्या रिटर्नमध्ये वळता करून घेता येतो. तुमच्या स्वतःच्या पुण्यातल्या फ्लॅटचे पैसे एनआरओ खात्यात (अनिवासी भारतीयांच्या रुपयांतल्या खात्यात) असतील तर वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत सीएच्या दाखल्यासह बाहेर नेता येतात. अमेरिकेच्या बाजूला, परदेशातून वर्षात एक लाख डॉलरपेक्षा जास्त भेट मिळाली तर आयआरएसला (अमेरिकेच्या आयकर खात्याला) ३५२० क्रमांकाच्या फॉर्मवर कळवावं लागतं. त्यावर कर नसतो, पण न कळवल्याचा दंड जबर आहे. बँकेला पैसे भेट आहेत, कर्ज नाही, असं आई-वडिलांच्या सहीचं गिफ्ट लेटर लागतं.

आणि पैसे मागण्याआधी विचार करा. निवृत्तीची पुंजी रिकामी करून नातवाची शाळा विकत घ्यायला आई-वडील कधी नाही म्हणत नाहीत. म्हणून तो विचार आपणच करायचा.

मग बोली ठरवायची कशी?

लिस्ट प्राइस कागदावर लिहूच नका. त्याच शाळेच्या हद्दीतल्या, गेल्या नव्वद दिवसांत व्यवहार पूर्ण झालेल्या सहा-सात घरांची यादी काढा. ती शक्यतो आतून बघितलेली असावीत. प्रत्येकाचा प्लॉट, चौरस फूट, अवस्था आणि मोठ्या रस्त्याला किंवा रेल्वेला लागून आहे का, हे समोर लिहा. नव्या केलेल्या घराच्या किमतीतून दुरुस्तीचा खर्च वजा करा. तो खर्च ठेकेदाराला घरात उभं करून विचारलेला हवा, यूट्यूबवरून काढलेला नको. त्यात सहा-आठ महिन्यांचं भाडंही धरा, कारण किचन आणि दोन्ही बाथरूम फोडलेल्या घरात मुलाबाळांसह राहता येत नाही. आलेल्या आकड्यातून आणखी थोडं कमी करा, कारण वर म्हटलं तसं, तुम्ही जिंकलात याचा अर्थच तुम्ही खर्च कमी धरलेला असण्याची शक्यता जास्त.

एजंटबरोबर घर बघायला जाण्याआधी लेखी करार करावा लागतो, हा नियम ऑगस्ट २०२४ पासून आला. त्यात त्याचं कमिशन कोण देणार ते लिहिलेलं असतं, आणि ते बोलून कमी करता येतं. आपली घासाघीसची सवय इथं वापरा.

घर नेहमी मागणीच्या वरच जातं का?

नाही. २०२२ च्या उत्तरार्धात व्याजदर झपाट्याने चढले तेव्हा याच गल्ल्यांत घरं लावलेल्या किमतीखाली गेली. ऑफरची तारीख उलटून गेली आणि घर दोन-तीन आठवडे पडून राहिलं असेल तर तिथं बोलणी होऊ शकतात. थँक्सगिव्हिंगपासून (नोव्हेंबरअखेरच्या सणापासून) जानेवारीच्या मध्यापर्यंत गर्दी कमी असते. घाई नसलेल्या कुटुंबाने तेव्हा शोधावं.

शेजारच्या आजी दोन हजार कर भरतात आणि आम्ही तीस हजार. हा अन्याय नाही का?

माझ्या मते आहे, पण तो आजींनी केलेला नाही. कर परवडत नाही म्हणून म्हाताऱ्या माणसाला घर सोडावं लागू नये, हा मूळ हेतू रास्त होता. पण तीच सवलत त्या घरांना कुलूप घालून बसली, नवी घरं पुरेशी बांधली गेली नाहीत, आणि सगळा भार नंतर आलेल्यांवर पडला. नगरपालिकेच्या सभेत एखाद्या कोपऱ्यावर चार मजली इमारतीचा विषय येतो तेव्हा विरोध करायला घरमालक हजर असतात, भाडेकरू नसतात. घर मिळाल्यावर आपणही त्या विरोधकांत जाऊन बसायचं का, याचा विचार आपल्या लोकांनी जरूर करावा.

घर मिळालं. आता सगळ्यात आधी कशाची तयारी ठेवायची?

सप्लिमेंटल टॅक्सची. खरेदीनंतर काही महिन्यांनी काउंटीचं एक वेगळं बिल येतं. जुन्या मालकाचं मूल्य आणि तुमची खरेदी किंमत यांतल्या फरकावरचा, खरेदीच्या तारखेपासून ३० जूनपर्यंतचा कर. व्यवहार जानेवारी ते मे या महिन्यांत झाला तर जुलैपासूनच्या पुढच्या कर-वर्षासाठीचं दुसरं बिलही येऊ शकतं. आजींच्या घरासाठी हा फरक जवळजवळ पूर्ण किमतीइतका असतो, म्हणून बिलही मोठं असतं. कर्जाच्या हप्त्याबरोबर बँक कर भरत असली तरी हे बिल ती सहसा भरत नाही, ते थेट तुमच्या पत्त्यावर येतं आणि जाहिरात समजून लोक बाजूला ठेवतात. खरेदी किमतीच्या एक-दीड टक्का रक्कम वेगळी काढून ठेवा. नेहमीचा कर दोन हप्त्यांत, १० डिसेंबर आणि १० एप्रिलच्या आत. राहत्या घराच्या सवलतीचा अर्जही काउंटीकडे भरून टाका. मूल्यातून ७ हजार वजा होतात, म्हणजे वर्षाला सत्तरेक डॉलर वाचतात, आणि अर्ज एकदाच करायचा असतो.